नेस्कॅकची अकरा कॉलेजं : खेळातून प्रवेश, प्री-रीड, कोचचा सपोर्ट आणि फीचा हिशोब

मृण्मयी_एनजे

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या खेळाचा विषय निघाला की गाडी लगेच आयव्ही लीगवर नाहीतर डिव्हिजन वनच्या स्कॉलरशिपवर जाते. अभ्यासात चांगली आणि खेळात पक्की, पण डिव्हिजन वनच्या दर्जाला जेमतेम पोचणारी मुलं आपल्यात बरीच आहेत. त्यांच्यासाठी नेस्कॅक ही सगळ्यात विचार करण्याजोगी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, आहे. तिची माहिती मराठीत एका जागी असावी म्हणून हा धागा.

नेस्कॅक म्हणजे न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या तीन पातळ्यांपैकी तिसऱ्या, डिव्हिजन थ्रीमध्ये मोडते. सदस्य अकरा.

मेन राज्यात बोडन (ब्रन्सविक), बेट्स (लुइस्टन) आणि कोल्बी (वॉटरव्हिल). व्हर्मॉंटमध्ये मिडलबरी. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमर्स्ट, विल्यम्स (विल्यम्सटाउन) आणि बॉस्टनला लागून टफ्ट्स. कनेटिकटमध्ये वेस्लियन (मिडलटाउन), ट्रिनिटी (हार्टफर्ड) आणि कनेटिकट कॉलेज (न्यू लंडन). न्यूयॉर्क राज्यात एकटं हॅमिल्टन (क्लिंटन).

1971 साली करार झाला तेव्हाही अकराच होती, पण त्यात युनियन कॉलेज होतं. ते 1977 मध्ये बाहेर पडलं आणि 1982 मध्ये कनेटिकट कॉलेज आत आलं. कॉन्फरन्सचा मूळ हेतू खेळाला आवर घालण्याचा होता, म्हणजे सामने मोजके, सराव मर्यादित आणि अभ्यास आधी. संघांना एनसीएएच्या स्पर्धांत उतरायची परवानगी 1993 मध्ये मिळाली, आणि नेस्कॅकची स्वतःची अजिंक्यपदं नियमित सुरू झाली ती 1999-2000 च्या हंगामापासून. आज 27 खेळांची अजिंक्यपदं होतात.

डिव्हिजन थ्री म्हणजे कच्चा खेळ, असं कुणी समजू नये. डिव्हिजन थ्रीतल्या सर्वोत्तम क्रीडा विभागाचा डायरेक्टर्स कप विल्यम्सने वीसहून अधिक वेळा जिंकलाय. टफ्ट्सच्या मुलांच्या सॉकर संघाने 2014 ते 2019 मध्ये चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अ‍ॅमर्स्टच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये 2017 आणि 2018 अशी लागोपाठ दोन घेतली. मिडलबरीच्या फील्ड हॉकी संघाला गेली काही वर्षं हरवणं मुश्किल झालंय.

तेव्हा प्रश्न एवढाच की या खेळाचा आपल्या मुलाला नेमका उपयोग काय. तो प्रवेशात होतो, फीमध्ये होत नाही. हे सुरुवातीलाच लक्षात घेतलं तर पुढचा गोंधळ टळतो.

चार्ल्सकाठ

"प्रवेशात होतो, फीमध्ये होत नाही" हे वाक्य ठळक करून ठेवा.

डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नाही. शून्य. आयव्हीमध्येही नाही, पण नेस्कॅकमध्ये आणखी एक गोष्ट म्हणजे ही कॉलेजं गुणवत्तेवरच्या स्कॉलरशिपही बहुतेक देत नाहीत. मिळते ती घरच्या परिस्थितीनुसार मदत. अकराही कॉलेजं सांगतात की कुटुंबाची सिद्ध झालेली गरज आम्ही पूर्ण भागवतो. गरज किती हे मात्र कॉलेजचं सूत्र ठरवतं. आपल्याला किती वाटते याला तिथे किंमत नाही. वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं धरून, 90 हजार डॉलरच्या घरात जातो. घरात दोन नोकऱ्या आणि बऱ्यापैकी बचत असेल तर मदत अगदी थोडी किंवा अजिबात नाही, हे गृहीत धरूनच पुढे जा.

मदतीचं पॅकेज ठरवताना विद्यार्थी खेळाडू आहे हे विचारात घ्यायला डिव्हिजन थ्रीत बंदी आहे, आणि एनसीएए कॉलेजांकडून दरवर्षी आकडे घेऊन ते तपासते. त्यामुळे एखादा कोच बोलण्याच्या ओघात "पैशांचं बघू काहीतरी" म्हणाला तर त्यावर काहीही उभारू नका. त्याच्या हातात ते नसतं.

काय करायचं ते सांगतो. अकराही कॉलेजांच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतं, मदत वजा जाता आपल्याला किती पडेल याचा अंदाज देणारं. मुलगा दहावीत-अकरावीत असतानाच ते भरा. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न हाताशी ठेवून भरा, अंदाजपंचे आकडे घालू नका. घराची इक्विटी (किंमत वजा कर्ज), भारतातला फ्लॅट, भाड्याचं उत्पन्न, हे सगळं सीएसएस प्रोफाइल या मदतीच्या अर्जात विचारतात. भारतातली मालमत्ता "इकडे दिसत नाही" म्हणून लपवू नये, ती अर्जातली खोटी माहिती ठरते आणि प्रवेश रद्द होऊ शकतो. कॉलेजागणिक उत्तरात दहा-पंधरा हजारांचा फरक पडू शकतो, कारण घराची इक्विटी प्रत्येक कॉलेज वेगळ्या तऱ्हेने मोजतं.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचा निकाल कॅल्क्युलेटरवर हमखास चुकतो. त्यांनी थेट फायनान्शियल एड ऑफिसला लिहावं. कोचमार्फत नाही, थेट.

गजानन_७२

एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वनवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांचं काय? ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांतला हा नेहमीचा प्रश्न आहे. मुलं पाचवीपासून इथल्याच शाळेत आहेत.

चार्ल्सकाठ

गजाननराव, यावर नीट लक्ष द्यायला हवं, कारण नेमकं इथेच लोक चुकतात.

एच-फोरवरचं मूल सरकारी मदतीला (तिचा अर्ज म्हणजे फाफ्सा) पात्र नाही. कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून मदत मिळू शकते, पण पुष्कळ कॉलेजं अशा मुलाला आंतरराष्ट्रीय अर्जदारांत धरतात. त्याचा परिणाम असा की मदत मागितली हे प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतलं जातं. अमेरिकन नागरिक असलेल्या त्याच्याच वर्गमित्राला ज्या कॉलेजात हा प्रश्न येत नाही, तिथे याला येतो. अकरांपैकी अ‍ॅमर्स्ट आणि बोडन ही दोन आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या बाबतीतही मदतीची मागणी न बघता प्रवेश ठरवतात. बाकीच्यांना ईमेलवर एकच सरळ प्रश्न विचारा: "एच-फोर व्हिसावरचा, अमेरिकन हायस्कुलातून पास होणारा विद्यार्थी तुम्ही कोणत्या गटात धरता?" लेखी उत्तर जपून ठेवा.

मदत लागणार असेल तर ती पहिल्याच अर्जात मागा. "आधी प्रवेश मिळू दे, मग मागू" हे आंतरराष्ट्रीय गटात चालत नाही. कित्येक ठिकाणी पहिल्या वर्षी न मागितलेली मदत पुढची तिन्ही वर्षं मागता येत नाही.

आणि 21 वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो. कॉलेजच्या मधेच एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल, त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून ठेवा. एच-फोरवर कॅम्पसवरची नोकरीही करता येत नाही, त्यामुळे पॅकेजमध्ये कामाचे पैसे धरले असतील तर त्याऐवजी काय देणार ते विचारून घ्या.

मृण्मयी_एनजे

आता प्री-रीडबद्दल. सगळी प्रक्रिया याच्याभोवती फिरते.

अकरावी, म्हणजे ज्युनिअर वर्ष, संपल्यावर 1 जुलैपासून कोच आपल्या यादीतल्या मुलांची कागदपत्रं अ‍ॅडमिशन ऑफिसकडे आगाऊ वाचायला देऊ शकतो. तिथला अधिकारी कोचला कळवतो की या मुलाला तुझा पाठिंबा असेल तर प्रवेशाची शक्यता कशी आहे. कोचकडे अशा पाठिंब्याच्या ठरावीकच जागा असतात, आणि बहुतेक खेळांत त्या दर वर्षी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

लागणारी कागदपत्रं:
– अकरावीच्या अखेरपर्यंतचं ट्रान्सक्रिप्ट
– बारावीत घेणार असलेल्या विषयांची यादी
– शाळेचं प्रोफाइल, जे काउन्सेलर देतो
– एसएटी किंवा एसीटी दिली असेल तर गुण, एपीचे (हायस्कुलातच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांचे) गुण असतील तर तेही

बोडन 1969 पासून आणि बेट्स 1984 पासून चाचणीचे गुण ऐच्छिक ठेवून आहेत. पण ऐच्छिक म्हणजे कोचला नको असतात असं नाही. जुलैमध्ये निबंध नाही, शिफारसपत्र नाही, अधिकाऱ्यापुढे फक्त ग्रेड आणि विषय असतात. चांगला स्कोअर तिथे वजन टाकतो. म्हणून परीक्षा अकरावीच्या मार्च ते जूनमध्ये उरकावी. ऑगस्टचा स्कोअर येईपर्यंत काही कोचांच्या जागा भरलेल्या असतात.

आणि बारावीचे विषय हलके करू नका. प्री-रीड चांगला आला म्हणून एपी कॅल्क्युलस सोडून सोपा विषय घेतला, तर नोव्हेंबरमध्ये खरा अर्ज वाचताना तो बदल लगेच डोळ्यात भरतो. पहिल्या तिमाहीचे ग्रेड कॉलेज मागवतंच.

टेकडीवरचा

प्री-रीड "पॉझिटिव्ह" आला म्हणजे झालं, या समजावर थोडं लिहितो.

कोच तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलतात आणि पालकांच्या कानाला त्या सारख्याच वाटतात. "अ‍ॅडमिशनला तुझं प्रोफाइल आवडलं" याचा अर्थ अर्ज करायला हरकत नाही, इतकाच. "मी तुझ्यासाठी पत्र देईन" म्हणजे हलकासा धक्का, बाकी ग्रेडच्या जोरावर. "तू अर्ली डिसिजनने अर्ज केलास तर माझा पूर्ण सपोर्ट आहे, माझ्या यादीत तू आहेस" हे तिसरं वाक्य खरं. (अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आगाऊ केलेला, मिळाला तर जायचंच असा अर्ज.) ते ऐकू येत नसेल तर मुलाने स्वतः फोनवर विचारावं: "तुमच्या सपोर्टच्या जागांपैकी एक माझ्यासाठी आहे का? मागच्या काही वर्षांत असा सपोर्ट मिळालेल्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला नाही?" चांगला कोच याचं सरळ उत्तर देतो. उत्तर गोल गोल आलं तर तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आहात असं समजून इतर कोचांशी बोलणं चालू ठेवा.

हे संभाषण मुलानेच करायचं. ईमेलसुद्धा. पालकांच्या भाषेतला ईमेल कोचला पहिल्या दोन ओळींत ओळखू येतो.

लेखी हमीपत्र नावाचा प्रकार इथे नाही. डिव्हिजन थ्रीत मुलं फोटो काढून ज्या कागदावर सही करतात तो निव्वळ आनंदसोहळा, बंधन कुणावरच नाही. बंधन आहे ते अर्ली डिसिजनचं, आणि तेही आपल्या बाजूने. प्रवेश मिळाला तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. म्हणून फीचा हिशोब आधी. मदतीचा आगाऊ अंदाज देणारी कॉलेजं आहेत, अर्ज भरण्यापूर्वी मागून घ्या.

पहिल्या फेरीच्या तारखा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला. विल्यम्स आणि अ‍ॅमर्स्टला दुसरी अर्ली डिसिजन फेरी नाही, त्यामुळे तिथला कोच नोव्हेंबरलाच उत्तर मागणार. यावरून कोणाला आधी "हो" म्हणायचं याचा क्रम ठरतो.

लेन_चार

पोहणाऱ्यांसाठी. तुमची मुलं कुठे बसतात हे कुणाला विचारायची गरज नाही, सगळं उघड असतं. नेस्कॅक अजिंक्यपद स्पर्धेचे मागच्या तीन वर्षांचे निकाल काढा. अंतिम फेरीत आठवा आलेला आणि गुण मिळालेल्यांतला शेवटचा, या दोन वेळा लिहा. शेवटच्या वेळेच्या आत असाल तर कोच उत्तर देतो. आठव्याच्या जवळ असाल तर तोच फोन करतो.

कॉलेजात हिवाळ्यात यार्डांच्या तलावात पोहतात. भारतातल्या किंवा क्लबच्या 50 मीटर तलावातल्या वेळा तशाच पाठवू नका. मूळ वेळ द्या, शेजारी यार्डांत रूपांतर केलेली वेळ द्या, आणि कोणती कोणती ते स्पष्ट लिहा. रूपांतर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जास्त फसवं असतं, कारण छोट्या तलावात वळणं आणि पाण्याखालचा पुलआउट दुपटीने येतात. वळणं कच्ची असतील तर खरी वेळ रूपांतरापेक्षा मागे राहते. शक्य असेल तर यार्डांत एक स्पर्धा पोहून घ्यावी.

एक गोष्ट नेस्कॅकची खास: इथल्या अजिंक्यपदात बटरफ्लाय, बॅक आणि ब्रेस्टच्या 50 यार्डांच्या शर्यतीही असतात. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या नसतात. 100 मध्ये शेवटी दमणारा पण 50 मध्ये तुफान असा मुलगा दुसरीकडे कमी उपयोगाचा ठरेल, इथे संघाला गुण मिळवून देतो. त्या वेळा ईमेलच्या विषयातच घाला.

स्वरा_पुणे

पुण्यातून विचारते आहे. स्क्वॉशसाठी ट्रिनिटीचं नाव खूप ऐकलंय. भारतातून थेट अर्ज करणाऱ्या मुलांसाठी प्रक्रिया वेगळी असते का? आणि राज्य बोर्डाच्या अकरावीचं ट्रान्सक्रिप्ट चालतं का?

टेकडीवरचा

स्वराताई, स्क्वॉशचं गणित बाकी खेळांपेक्षा वेगळं आहे. कॉलेज स्क्वॉशचं राष्ट्रीय अजिंक्यपद एनसीएए घेत नाही, ते कॉलेज स्क्वॉश असोसिएशन घेते, आणि त्यात डिव्हिजनच्या भिंती नसतात. ट्रिनिटी हार्वर्ड-येलशी बरोबरीने खेळते. 1998 ते 2012 मध्ये ट्रिनिटीच्या मुलांनी ओळीने 252 लढती जिंकल्या आणि 1999 ते 2011 अशी तेरा राष्ट्रीय विजेतेपदं. ती मालिका येलने तोडली. मुंबईचा विक्रम मल्होत्रा ट्रिनिटीकडूनच खेळला. तेव्हा तिथे जागेसाठी जगभरातले ज्युनिअर खेळाडू रांगेत असतात, आणि नुसती राज्य पातळीची क्रमवारी पुरत नाही. राष्ट्रीय क्रमवारी आणि ब्रिटिश ज्युनिअर ओपनसारख्या स्पर्धेतले निकाल कोच बघतात.

पण संघात नऊ जण खेळतात, आणि अकरा कॉलेजं आहेत. राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पाचात नसलेल्या पण अभ्यासात भक्कम मुलांनी विल्यम्स, मिडलबरी, अ‍ॅमर्स्ट, बोडन, बेट्स, हॅमिल्टन यांच्याकडे बघावं. संघाच्या पानावर कोण कोणत्या वर्षाला आहे ते दिसतं. पहिल्या नऊपैकी चार जण एकदम पास होऊन जाणार असतील तर त्या वर्षी कोचला माणसं हवीच असतात. हे प्रत्येक खेळाला लागू आहे.

राज्य बोर्डाचं चालतं. अडचण गुणांची नसते, शाळेच्या प्रोफाइलची असते. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर हा प्रकार फारसा नाही. प्राचार्यांकडून लेटरहेडवर एक पान करून घ्या: बोर्ड कोणतं, वर्गात विद्यार्थी किती, अकरावीची परीक्षा कॉलेज स्वतः घेतं की बोर्ड, 85 टक्के मिळवणारे साधारण किती जण असतात. हे शेवटचं महत्त्वाचं. अकरावीला मार्क कडक देणाऱ्या कॉलेजातले 74 टक्के तिथल्या अधिकाऱ्याला कमी वाटतात, कारण त्याच्यापुढे तुलनेला काही नसतं. नववी, दहावी आणि अकरावीच्या गुणपत्रिका मे अखेर हातात असाव्यात, म्हणजे 1 जुलैची वेळ गाठता येते. सीईटीच्या क्लासच्या भरात अकरावीकडे दुर्लक्ष करायची पद्धत आहे, ती इथे महागात पडते.

खेळ एनसीएएचा असेल, म्हणजे टेनिस, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, तर डिव्हिजन थ्रीतही आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून घ्यावं लागतं. स्पर्धांत रोख बक्षीस मिळालं असेल तर त्या स्पर्धेच्या प्रवास, प्रवेशिका, राहण्याच्या पावत्या जपा. बारावीनंतर गॅप घेऊन स्पर्धा खेळत राहिल्यास खेळायचं वर्ष वजा होऊ शकतं, ते आधी विचारून घ्या.

बॅकहँड_क्रॉस

टेनिसचं थोडक्यात. तीन दुहेरी, सहा एकेरी. संघात दहा-बारा जण, म्हणजे निम्मे बाहेर बसतात. प्रत्येक संघातल्या खेळाडूंचं यूटीआर रेटिंग सार्वजनिक असतं. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचे आकडे उतरवून काढा. आपला आकडा चौथ्या ते सहाव्याच्या मध्ये बसत असेल तर तो संघ योग्य. विल्यम्स, मिडलबरी, टफ्ट्स, बोडन, अ‍ॅमर्स्ट ही नावं वरची, तिथे सहाव्या क्रमांकाचा खेळाडूही भारी असतो.

व्हिडिओ चार मिनिटांच्या आत. निवडक विनर दाखवू नयेत. सलग गुण दाखवा, कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर. कोचला पाय कसे हलतात आणि चुकीनंतरच्या पुढच्या गुणाला काय होतं ते बघायचं असतं. आणि दुहेरीची क्लिप घाला. नेटवर हात नसलेली एकेरीची मुलं कोचपुढे ढीगभर असतात.

गजानन_७२

इंजिनिअरिंग? ही सगळी लिबरल आर्ट्स कॉलेजं ना?

मृण्मयी_एनजे

टफ्ट्समध्ये स्वतंत्र इंजिनिअरिंग स्कूल आहे, आणि विद्यार्थीसंख्येनेही ते अकरांत सगळ्यात मोठं. ट्रिनिटीतही इंजिनिअरिंगची पदवी मिळते. बाकीच्यांकडे कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स, मॅथ्स उत्तम आहेत, पण इंजिनिअरिंग हवं तर तीन अधिक दोन वर्षांची व्यवस्था, म्हणजे शेवटची दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात आणि खर्च एक वर्षाचा जास्त. खेळणाऱ्या मुलाचं चौथ्या वर्षाचं कर्णधारपदही त्यात जातं, त्यामुळे फार थोडे जण तो मार्ग घेतात. एफ-वनवरच्या मुलांनी निवडलेला विषय नोकरीच्या वाढीव मुदतीसाठी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडतो का, हे रजिस्ट्रारकडून तपासून घ्यावं. एकाच नावाचा विषय एका कॉलेजात मोडतो, दुसऱ्यात नाही.

लेन_चार

प्रवेशानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

हंगाम इतर डिव्हिजन थ्री कॉन्फरन्सेसपेक्षा उशिरा सुरू होतो आणि हंगामाबाहेर कोचला सराव घ्यायला नेस्कॅक मर्यादा घालते. त्या काळात कर्णधार सराव घेतात. शिस्त मुलाची स्वतःची लागते. रोज कोचने पूलपाशी उभं राहावं अशी सवय असलेली मुलं पहिल्या ऑक्टोबरमध्ये ढेपाळतात.

प्रवास बसने. मेनमधली तीन कॉलेजं एकमेकांच्या तासाभराच्या आत, पण कोल्बीहून हॅमिल्टनला जायचं तर सहा-सात तास. परतताना बसमध्येच असाइनमेंट. विल्यम्स, मिडलबरी आणि कोल्बीत जानेवारीत एकाच विषयाचं छोटं सत्र असतं, त्यामुळे हिवाळी खेळांच्या ऐन भरात अभ्यासाचा भार कमी राहतो. पोहणं, बास्केटबॉल, स्क्वॉश खेळणाऱ्यांनी कॉलेज निवडताना हे जरूर धरावं. प्रयोगशाळेचे तास दुपारी एक ते चार असतात आणि सराव साडेचारला. केमिस्ट्री आणि बायॉलॉजी एकाच सत्रात घेतलं की आठवड्यातून दोनदा सरावाला उशीर. कोच सोडतात, पण संघातल्या मोठ्या मुलांना विचारून विषयांची मांडणी करावी.

आणि स्कॉलरशिप नसण्याचा एक खरा फायदा आहे. खांदा गेला, मन उडालं, कोच बदलला, कशानेही खेळ सुटला तरी प्रवेश जात नाही आणि मदतीतला एक डॉलरही कमी होत नाही. म्हणून कॅम्पसला भेट देताना मुलाला विचारा: उद्या खेळ थांबला तर याच गावात चार हिवाळे काढशील का? वॉटरव्हिल आणि हार्टफर्ड ही पूर्णपणे वेगळी आयुष्यं आहेत.

स्वरा_पुणे

सगळ्यांचे आभार. प्राचार्यांच्या पत्राचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. अकरावीचा निकाल लागलाय, पत्राचा मसुदा करून इथे टाकते, बघाल का?

टेकडीवरचा

जरूर टाका. कॉलेजचं नाव झाकून. आणि कोचांना पहिला ईमेल पत्राची वाट न बघता आजच जाऊ दे: क्रमवारी, मागच्या सहा महिन्यांतले निकाल, व्हिडिओची लिंक, दहावीचे टक्के, पदवीचं वर्ष. पाच ओळी पुरेत. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली नवा निकाल जोडून पुन्हा पाठवा.